मोरपिशी साका

पिंपरीच्या रंगकारखान्यात पद्मजा प्रयोगशाळेतल्या एका बाटलीला कुणालाच हात लावू देत नसे. त्या बाटलीतल्या पाण्यात प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे मणी आपल्याच वजनाने खाली बसत होते. जितके सावकाश बसतील तितक्या त्यांच्या रांगा बिनचूक लागतात, घाईने बसले की रांगेत खोट राहते, हे तिला दाखवायचं होतं. कित्येक महिन्यांनी त्या रांगांमुळे तळाशी मोरपिसाचे रंग चमकू लागले.

ते रंग पाहायला बाहेरचे पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी ती रजेवर होती. सगळेच मणी झटपट बसावेत म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख देवस्थळीसाहेब यांनी बाटली खळखळून हलवली आणि यंत्रात घालून गरगरा फिरवली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे आला तो नुसता पांढराफटक साका.

“अहो, ते रंग कुठे आहेत?” पाहुण्यांनी विचारलं.

साहेबांनी पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते हसत म्हणाले, “काय सांगू! बायकांना धीर म्हणून नसतो.”

पाहुणेही हसले. मेलेली पाल उचलावी तसा पद्मजाने तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला आणि सगळ्यांदेखत नळाखाली बोटं साबणाने धुतली, अगदी सावकाश.