चाल कुणाची

एकोणीसशे सत्तावन्न साल. हसनाबादच्या बाजारतळावर तंबूचा सिनेमा आला होता. कनातीच्या अलीकडे बाया, पलीकडे गडी. पडद्यावर लंगडा चौकीदार चालत आला आणि गोपिकाबाईच्या हातातले फुटाणे हातातच राहिले.

आधी काठी, मग उजवा पाय, मागून ओढत आणलेला डावा, आणि वळताना मान जराशी खाली. लांडग्यानं पोटरी फोडली तेव्हापासून तिचा नवरा, बिरू धनगर, अस्साच चालायचा.

"ही चाल आमच्या घरची हाय," ती शेजारच्या गोजरबाईला म्हणाली. "ह्यो नट गेल्या साली इथं आल्ता. मेंढरांमागं यांच्या पाठीपाठी हिंडला."

"व्हय, अन् ती नाचणारी तुझी मावसबहीण आसंल."

बाया हसल्या. गोपिकाबाईनं पुढं बसलेल्या भंवरीबाईला हलवलं. नट उतरला होता तो या किशनलाल शेठच्या बायकोच्याच ओसरीवर.

"शेठानी, तुमी तरी सांगा. यांचंच बघून शिकला ना त्यो?"

"मला काय ठाऊक, बाई? घुंगटातून पाय दिसतात तेवढेच."

"मंग पायांचंच तर इचारून राह्यले मी!"

"परक्या पुरुषाचे पाय कशाला बघू?"

भंवरीबाईनं घुंगट आणखी खाली ओढला. कनातीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए बाई, कुनाची चाल? नाव तरी सांग!"

नवऱ्याचं नाव गोपिकाबाईनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"बिरूची! ही चाल बिरूची हाय!"

तंबूत हशा उसळला. "नवऱ्याचं नाव घेतलं रं!" शिट्ट्या वाजल्या. चालीकडं कुणी पाहीना.

पलीकडं बिरू उठला. मान खाली घालून गड्यांमधून बाहेर निघाला, तो नेमका मशीनच्या झोतात आला. पडद्यावर चौकीदार चालत होता आणि त्याच्या शेजारून बिरूची सावली. काठी, उजवा, मागून डावा.

"ए, खाली बस की!" सगळा तंबू ओरडला.

त्या चालीवर नटाला पुढं पदक मिळालं. आरशासमोर घासून घासून बसवली, असं तो मुलाखतीत सांगायचा. भंवरीबाई लेकाकडं औरंगाबादला गेली. बिरू काही वर्षांनी थंडीतापात गेला. तोवर बाजारात पोरं त्याला म्हणत, "बाबा, नटाची नक्कल तुला बराबर जमली न्हाई."

गोपिकाबाई खूप जगली. भर तंबूत नवऱ्याचं नाव घेणारी, हीच तिची गावात ओळख राहिली. कोणतं नाव घेतलं होतं, ते आता कुणालाच आठवत नाही.