रिकाम्या हॉलचा फोटो

सयाजी फोटोग्राफरनं नमुन्यांचा अल्बम टीपॉयवर उघडला. "कसला फोटो पायजे ते आधी सांगा, राजवीरदादा. ह्यात माणसं बसल्यात. ह्यात नुसतं घर."

पहिल्या फोटोत एक कुटुंब सोफ्यावर चहा पीत होतं. दुसऱ्यात सोफा होता, दिवाण होता, फुलदाणी होती, आणि त्या घरात कधी कुणी शिंकलंसुद्धा नसेल असं वाटत होतं. राजवीरला दुसरा आवडला. त्याचं फर्निचरचं दुकान होतं, आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्याला कसबा बावड्यातला स्वतःचा हॉल छापायचा होता.

"माणसं आली की गिऱ्हाईक साडी बघतंय, सोफा न्हाय," तो म्हणाला.

चहाचे कप उचलता उचलता त्याची बायको वर्षाराणी म्हणाली, "एका फोटोत मी उभारतो की. एकाच. आईला धाडायला."

"हितं काय लग्नाचा अल्बम चाललाय व्हय?"

तिनं कप ट्रेत ठेवले. तिची आई चिमणाबाई पेठ वडगावला. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत धरून बसलेली बाई. ती बावड्याला येणं शक्य नव्हतं. आणि वर्षाराणीला जाणं शक्य नव्हतं. दुकानातलं गिऱ्हाईक कधीही घरी नमुना बघायला यायचं. त्याला चपला बाहेर काढायला लावायला, सोफ्यावरचं प्लॅस्टिक ओढून दाखवायला घरात माणूस लागायचं. वास्तुशांतीपासून ती माहेरी गेली नव्हती. गणपतीत नाही, दिवाळीतही नाही. परवा फोनवर आई म्हणाली होती, "घर कुणाचंबी असतंय, बाई. तू दिसली पायजेस. बरी हाईस का न्हाईस, मी तोंडावरनं वळखतो."

"तू बेडरूममधी बस," राजवीर म्हणाला. "हाक मारल्याबगर दार उघडू नगंस."

ती जाऊन बसली. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, पडदे ओढले जात होते. मधूनच राजवीरचा आवाज यायचा. तो कंगवा उचला तिथला. ती दोऱ्याची डबी कशाला हाय हितं, टाका पलीकडं. तिला रडू आलं नाही. तिला संताप आला. हे घर रोज पुसायचं आपण, आणि त्यातली अडगळ कोण, तर आपणच.

तेवढ्यात दुधाचा वास आला. गॅसवर दूध तसंच राहिलं होतं, आणि स्वयंपाकघर हॉलच्या पलीकडं. तिनं दार उघडलं.

"आत हो!" राजवीर ओरडला. "शटर उघडं हाय!"

सयाजी कॅमेऱ्याच्या स्टँडमागं उभा होता. अंगठ्याखाली केबलचं बटण दाबलेलं, ओठांत आकडे. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागत होतं; अंगठा उचलला की ते मिटणार.

"जाऊ द्या की वैनींना," तो म्हणाला. "चालतं माणूस ह्यात उमटत न्हाय. जावा वैनी, सरळ जावा. मधी उभारलासा तर मातूर फोटोत येतासा."

वर्षाराणी निघाली. ह्या हॉलमधून ती दिवसातून किती वेळा जायची, कधी फडकं घेऊन, कधी पाहुण्यांचं पाणी घेऊन. कुणी मान वर करून बघायचं नाही. ती सोफ्यासमोर आली आणि थांबली.

कॅमेऱ्याकडं तोंड केलं. पदर खांद्यावर नीट घेतला आणि हात खाली सोडले.

"अगं, चल की! काय उभारलीयास?" राजवीर पुढं झाला आणि कॅमेऱ्याशेजारीच अडकला. तिला ओढायला जावं, तर धरपकड करताना तोही कॅलेंडरवर यायचा. तो सयाजीवर खेकसला, "बंद कर रं ते!"

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपायला लागलं होतं. ती वळली नाही. सयाजीनं मोजणं थांबवलं, पण बटणावरचा अंगठा काही उचलला नाही.

"वैनी," तो म्हणाला, "आता हलू नगासा."