अडणारं नाव

"हा शहाणा स्पेलचेक तर प्रत्येक नावाला अडतोय," संगणकवाला खुर्ची ओढत म्हणाला. "काट मारलेल्यांनाही!"

सकाळी खाणीचं छत कोसळलं तेव्हा खाली तेवीस माणसं होती. ती सगळी नावं आता हजेरीच्या कारकूनबाईंच्या पडद्यावर होती. खाणीच्या तोंडाशी बसलेला मुकादम वर आलेल्या माणसाच्या नावावर टॅबवरूनच काट मारायचा आणि शेजारी त्याची अवस्था लिहायचा. दर अर्ध्या तासाने ही यादी इस्पितळात जायची. मुकादमाच्या शुद्धलेखनाचा सगळा आनंदच होता, म्हणून आधी स्पेलचेक फिरवायचा असा साहेबांचा हुकूम होता.

बाईंचा नवरा खाली होता. सतरावी ओळ.

साहेबांनी त्यांना दोनदा घरी जायला सांगितलं. "घरी बसून काय करू? इथे निदान लगेच कळेल," त्या म्हणाल्या. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली होती, त्या डाव्या हातानेच बटणं दाबत होत्या.

"बोटांना काय झालं?" संगणकवाल्याने विचारलं.

"चिमटली कुठेतरी. तुम्ही तेवढं यंत्राचं बघा."

त्याने दहाबारा ओळींची आज्ञावली लिहिली. आता काट मारलेले रकाने स्पेलचेक सोडून देणार होता. वर यायचे राहिले होते नऊजण.

"ही नऊ नावं शब्दकोशात टाका, म्हणजे परत विचारणार नाही."

बाईंनी आठ नावं टाकली. नवव्याला त्यांनी 'दुर्लक्ष करा' दाबलं.

"ताई, हे राहिलं की. दर वेळी अडेल."

"अडू दे. अडलं की कळतं, अजून खालीच आहेत."

संगणकवाल्याने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि तो शेजारीच बसून राहिला.

अकरा वाजता स्पेलचेक फिरवला. सतराव्या ओळीला अडला. साडेअकराला अडला. बारालाही. दर वेळी बटण दाबण्याआधी बाई श्वास रोखून धरायच्या आणि अडला की सोडायच्या. फोन वाजला की त्या दचकायच्या.

एकदा बहिणीचा फोन आला.

"काही कळलं?"

"अजून नाही."

"पोर जेवली. काही विचारत नाहीये. तू धीर धर."

"हं."

पाच राहिले, मग तीन. दीड वाजता यादीत काट नसलेलं एकच नाव उरलं. खोलीतली माणसं हळूहळू बाईंच्या खुर्चीमागे जमली.

मुकादमाचा फोन आला. साहेबांनी ऐकून घेतला आणि बाईंच्या समोर येऊन उभे राहिले. "खाली पाणी भरतंय. बाई, मन घट्ट करा."

"केलंय," त्या म्हणाल्या.

दोन वाजता अडला. अडीचला अडला. बाईंच्या कपाळावर घाम होता, तो त्यांनी पदराने पुसला.

तीन वाजता त्यांनी बटण दाबलं.

'तपासणी पूर्ण झाली.'

त्यांनी पुन्हा दाबलं. 'तपासणी पूर्ण झाली.'

"ताई, काट!" संगणकवाला ओरडला. "सतराव्या ओळीला काट आहे! आणि हे बघा, मुकादम लिहितोय, 'खरचटलंय, बाकी ठणठणीत'!"

बाहेर भोंगा वाजला. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बाई टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

"खाली गाडी उभी आहे," साहेब म्हणाले. "इस्पितळात सोडेल तुम्हाला."

"एक फोन करते आणि येते."

जिन्यापाशी जाऊन त्यांनी बहिणीला फोन लावला.

"आले वर."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बहीण हळूच म्हणाली, "आता गं?"

"पोरीचे कपडे भर. मी मागच्या गेटने निघतेय. या वेळी बोटांवर भागलं, पुढच्या वेळी भागणार नाही. त्यांना इस्पितळातून सोडायच्या आत आपल्याला हे गाव सोडायचंय."