कोपऱ्यातली माती

“ताई, नमुना कुठला घेतलात? तिथे राख पडलीय,” प्रयोगशाळेतल्या बाई माती परीक्षणाचा अहवाल पुढे सरकवत म्हणाल्या. “क्षार फार वाढलेत. तिथे रोप लावाल तर मुळं जळतील.”

आईनं डब्यात वाढवलेला कवठी चाफा लेकीला अंगणाच्या कोपऱ्यात लावायचा होता. जागा आईनंच दाखवून ठेवली होती. पण महिन्यापूर्वी ती गेली आणि चाफा डब्यातच राहिला. घरात चूल नव्हती, बंब नव्हता. राख आली कुठून?

घरी येऊन तिनं अहवाल वडिलांपुढे धरला. “अण्णा, आईची रक्षा नदीत सोडलीत ना तुम्ही?”

अण्णा कोपऱ्याकडे बघत राहिले. “घाटावर गेलो होतो गं. पण पाणी फार होतं. घोट्याएवढ्या पाण्यातही माझा हात सोडायची नाही ती. एकटीला कशी सोडू?”

तिनं अहवालाची घडी घातली. कोपऱ्यापासून चार हातांवर कुदळ मारली, पण माती दिसेनाशी झाली.

“इथे लावू, अण्णा,” ती म्हणाली. “मोठा झाला की सावली पोचेल आईपर्यंत.”