लाल तार

हारुनाने शेवटी लाल तार जागेवर बसवली आणि फेन्दा मावशीच्या देखत त्या तारेवर सोल्डरगन टेकवली. गेले सात महिने तो हा एवढासा टाका टाळत आला होता.

टेपरेकॉर्डर जुना होता. मावशीच्या लेकाने, इद्रिसाने फ्रान्सला गेल्यावर पहिल्याच वर्षी पाठवलेला. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मायलेकांची पत्रं कॅसेटवरच चालत. मावशी तो हारुनाच्या रिपेअरच्या दुकानात घेऊन आली तेव्हा आत एक कॅसेट होती आणि यंत्र मुकं होतं. ती बाजारात गेल्यावर हारुनाने ते उघडलं. पट्टा ठीक, मोटर ठीक, बोर्डही स्वच्छ. फक्त बॅटरीकडून बोर्डावर येणारी लाल तार तुटलेली. उंदराचे उद्योग, असं म्हणत त्याने ती जोडली आणि चाचणीसाठी आतलीच कॅसेट लावली.

आवाज परक्या मुलाचा होता. आई, माफ करा, तो म्हणत होता. इद्रिसा परांचीवरून पडला. त्याला इथेच पुरलं.

हारुनाने ती तार पुन्हा उपटली. मावशी परत आल्यावर त्याने सांगून टाकलं की एक पार्ट जळलाय, डकार शहराहून मागवावा लागेल.

उद्या या, परवा या सांगण्यात कुठलाही रिपेअरवाला तरबेज असतो, पण हे खोटं त्याला पचलं नाही. आधी म्हणाला पार्ट चुकीचा आला, मग म्हणाला ट्रक अडकला. मावशी दर गुरुवारी दोन तास चालत यायची, शेंगदाण्यांची पुरचुंडी पुढे करायची आणि बोर्डात डोकावून बघायची. एकदाच म्हणाली, "डकारहून बायको आणायलाही एवढे दिवस लागत नाहीत रे." तो हसला, आणि त्या दिवशी जेवला नाही. लेकाच्या नावाने दुवा नाही, दान नाही, आणि आई बिचारी निरोपाची वाट बघतेय. हे पाप आपल्याच माथी, असं त्याला वाटायचं.

मागच्या गुरुवारी ती वाटेत उन्हाने चक्कर येऊन पडली. तेव्हा त्याने ठरवलं की आता पुरे.

टेपरेकॉर्डरचा दिवा लागला. हारुनाने बटणाकडे बोट नेलं, पण ते पुढे जाईना.

"मावशी, यात चांगलं काही नाही," तो कसाबसा म्हणाला.

मावशीने आपल्या हाताने बटण झाकलं.

"ठाऊक आहे. कॅसेट आली त्याच दिवशी ऐकली मी. ऐकून झाल्यावर तार मीच कापली, कांदे चिरायच्या सुरीने."

मग माझ्याकडे आणलास कशाला, हारुनाने विचारलं.

"गावात रोज कुणीतरी विचारतं, इद्रिसा काय म्हणतो? मी सांगते, कॅसेट आलीय, पण ऐकायची राहिलीय, यंत्र हारुनाकडे आहे. तेवढ्यावर लोक आणखी एक आठवडा त्याची खुशाली विचारतात." बटणावरचा हात तिने काढला नाही. "तू आज हे नीट केलंस, तर संध्याकाळी मला रडायला बसावं लागेल."

हारुनाने पक्कड उचलली आणि तार कापली. मग शेंगदाण्यांची पुरचुंडी आपल्याकडे ओढून घेतली.

"पार्ट अजून आला नाही, मावशी," तो म्हणाला. "गुरुवारी ये."