घराचं पथ्य

हिवतापाच्या गोळ्या कोनाड्यात पुडीतच होत्या आणि सात वर्षांची गोदी गोधडीत कुडकुडत होती. किन्हवलीहून चालत आलेले वामनराव कंपाउंडर तिच्या आजीवर चिडले. "गोळ्या का नाही दिल्या, धोंडीबाई?"

"तुमीच बोल्लात, काय बी खाऊ दे पोरीला. ज्याला पथ्य नाय त्याला औषद कोन म्हनल, दादा?"

वामनराव ओटीवर बसले. महिनाभर ते वाडीत डासांचं निरूपण करत होते, पण ऐकणाऱ्यांच्या मनात काय आहे ते विचारायचंच राहिलं होतं.

"चुकलो, माउली. पथ्य आहे, आणि कडक आहे. गोळी द्यायची ती नाचणीच्या पेजेवर, तेलकट बंद. शिवाय हे पथ्य घरालाही असतं. आसपास कुठं पाणी साचलं की मोडलंच म्हणून समजा."

आठवड्याने ते आले तेव्हा गोदी अंगणात सागरगोटे खेळत होती. धोंडीबाई मात्र पदर खोचून शेजारणीच्या दारात उभी होती.

"गुणे, फावडा घे नि हा डबका बुजव आधी! माज्या नातीचं पथ्य तुज्या दारात मोडतंय गो!"