उतारावरचं गवत

जोलीन पत्र्याची पाटी कुंपणाच्या खांबाला ठोकत होती, तेवढ्यात मागे पिकअपमध्ये बसलेले वर्जिल ओरडले, "अगं, त्याने बंद नाही केलं!"

तिने वळून पाहिलं. वर्जिलचा मुलगा डॅरन मक्याच्या रानात पेरणीआधीचं, गवत मुळासकट मारणारं तणनाशक फवारत होता. यंत्राचे दोन्ही बाजूंचे लांब दांडे पसरलेले होते आणि त्यांच्या सगळ्या तोट्या चालू होत्या. रानाच्या मधोमध, वरपासून खालच्या ओढ्यापर्यंत, गवताचा रुंद पट्टा होता. पावसाचं पाणी त्याच्यावरून उतरायचं आणि माती जागेवर राहायची. पट्टा आला की तोट्या बंद करायच्या, ओलांडला की पुन्हा सोडायच्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॅरनचं यंत्र पट्ट्यावरून फवारा सोडत तसंच आरपार गेलं.

"फोन लावा त्याला," जोलीन म्हणाली.

वर्जिलनी लावला. पिकअपच्या खणातच फोन वाजायला लागला. यंत्रावर बसताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा नियम वर्जिलचाच. पोराने तो निमूटपणे पाळला होता.

यंत्र पलीकडे जाऊन वळलं आणि थोडं खालून परत निघालं. वर्जिल दार उघडून कसेबसे उभे राहिले. खुब्याचं हाड बदलल्यापासून ते वॉकरच्या आधाराने चालत होते, आणि नांगरटीत वॉकर चालत नाही. त्यांनी एक हात वर करून जोरजोरात हलवला.

डॅरननेही काचेआडून हात हलवला.

आमच्या आयोवात हेच होतं. रस्त्यात कोणीही दिसो, हात वर होतो. हात वर केला नाही तर भांडण झालंय का, अशी चौकशी होते. जोलीनने हॉर्न दाबून धरला, तर त्यानेही आनंदाने हॉर्न दिला. मग ती बूट रुतवत, धापा टाकत रानातून धावत सुटली. ती निम्म्यावर पोचेपर्यंत उरलेला पट्टा त्याने ओढ्यापर्यंत भिजवला होता.

आपल्यालाच भेटायला आली असं समजून डॅरनने यंत्र कडेला लावलं आणि तिला हाताने खूण केली, आलोच, जरा टाकी बघतो. जोलीन तिथूनच परत फिरली. आता घाई कसली करायची होती?

"पाण्याने धुतलं तर?" तिने वर्जिलना विचारलं.

"एवढं पाणी आणणार कुठून?" वर्जिल म्हणाले. "पाऊस पडला तर गोष्ट वेगळी. आत्ता, तासाभरात."

दोघांनी वर पाहिलं. या पट्ट्यासाठी वर्जिलनी पावसाला किती शिव्या घातल्या असतील त्याची गणती नाही. पहिल्या वेळी सगळं बी त्यानेच वाहून नेलं होतं, दुसऱ्या वेळी त्याने तोंडच दाखवलं नाही. तिसऱ्यांदा मात्र गवत धरलं. आज त्याच पावसाची ते भिकाऱ्यासारखी वाट पाहत होते. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. रेडिओवाला गुरुवारी पाऊस सांगत होता, तोही धो धो.

"गुरुवारी घळ पडणार," वर्जिल म्हणाले. "मुळं सुटली की माती कोणाचं ऐकते?"

जोलीनने पाटीकडे पाहिलं. माती-पाणी जपणाऱ्या मंडळात ती नोकरीला होती आणि वर्जिल त्याच मंडळाचे निवडून आलेले सभासद. मंडळाच्या हातात कायदा नाही की दंड नाही. समजावून सांगायचं, बी द्यायचं, उतार मोजून द्यायचा, आणि पुढचं ज्याचं त्याच्यावर सोडायचं. माती जपल्याबद्दलच्या या वर्षीच्या मानाच्या पाटीसाठी ओल्टमन्सांचं, म्हणजे वर्जिलच्याच घराचं, नाव निघालं, तेव्हा घरचा माणूस नको म्हणून वर्जिल कॉफीचा कप घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. आत सगळ्यांनी एकमताने हात वर केले. ती पाटी आता खांबाला एका खिळ्यावर लोंबत होती.

डॅरन हात पुसत आला. चेहरा नुसता फुललेला.

"बाबा, बघितलंत? एकदाही थांबलो नाही. यंत्रावरचा नवा स्क्रीन काय झकास आहे! तोट्या सगळ्या आपोआप उघडतात, आपोआप मिटतात. आपण नुसतं बसायचं."

"पट्टा कुठे आहे ते त्याला..." जोलीनने सुरुवात केली. वर्जिलनी तिचं कोपर धरलं.

नव्या स्क्रीनला पट्टा कुठे आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं. डॅरनला वाटलं, जुन्याला माहीत होतं म्हणजे यालाही असणार. वर्जिल शेजारी नसताना त्याने एकट्याने केलेलं हे पहिलंच रान होतं.

"सांगावं लागेल, वर्जिल," डॅरन पाटी बघायला पुढे गेला तशी जोलीन हळूच म्हणाली. "दुपारी तो वरच्या रानात जाणार. तिथेही पट्टा आहे."

"सांगतो ना. मीच सांगतो." वर्जिल पोराकडे बघत म्हणाले. "आधी फोटो काढ."

डॅरनने दुसरा खिळा स्वतःच ठोकला. पाटीवर दोघांची नावं होती, बापाचं वर आणि त्याचं खाली. आपल्या नावावरून त्याने बाहीने धूळ पुसली. मग बापाला हाताला धरून कुंपणाशी आणलं आणि मागे वळून बघितलं.

"जोलीन, ते गवत मागे येऊ दे हं. काय हिरवंगार दिसतंय!"

"येऊ दे," वर्जिल म्हणाले. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात टाकला. "काढ लवकर. आज हिरवं आहे ते."

"आज म्हणजे?" डॅरनने हसतच बापाकडे पाहिलं.

जोलीनने बटण दाबलं.